खोल्या मोजणारा

देवळाली कॅम्पात रद्दीवाल्या मुनीरभाईकडे
किलोच्या भावात मिळालं पहिलं पुस्तक.
आत कुण्या मेजरच्या बायकोचं नाव, निळ्या शाईत,
मुखपृष्ठावर एक घर, सगळ्या खिडक्यांत उजेड
आणि दारात कुणीच नाही.
लेखिका व्हर्ना हॉलबेक. गाव ओहायोतलं कुठलंसं.

मी तेव्हा नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात तपासनीस.
दिवसभर दुसऱ्यांचे पैसे बघायचे,
रंग सरकलाय का, आकडा फुटलाय का.
भोंगा झाला की नेहरूनगरचं क्वार्टर,
आणि जेवणं आटोपल्यावर
स्वयंपाकघरात, लोखंडी खुर्चीत बसून
तिची भुतं मराठीत आणायची.

अडायचं ते भुतांपाशी नाही. भुतं सोपी.
अडायचं घरांपाशी.
आमच्याकडे ना तळघर, ना मधेच वळणारा जिना.
वर गांगुर्डे, खाली मोजाड, शेजारी दोंदे;
भिंतीपलीकडे कुणी उसासा टाकला
तर कुणाचा आणि कशापायी, दोन्ही ठाऊक.
छपराखालच्या तिच्या त्या अंधाऱ्या खोलीला
तीन रात्री शब्द शोधला.
प्रमिला म्हणाली, माळा म्हणा की,
आपण ट्रंका टाकतो तो.

रविवार कारंजावरचे चांदवडकर हातावर दीडशे ठेवत
आणि म्हणत, गायधनी, किंकाळ्या जरा वाढवा.
मी वाढवल्या नाहीत.
(एका पुस्तकात वाढवल्या. त्याचीच दुसरी आवृत्ती निघाली.)

मोजायची खोड नोकरीची.
पहिल्या कादंबरीत एकतीस खोल्या.
नवरा सोडून गेल्यावरच्या कादंबरीत एकोणीस.
मग नऊ.
मग हमरस्त्याकाठचं बंद पडलेलं मोटेल,
त्यातली चारच दारं उघडणारी.
कडक पुठ्ठा गेला, कागद पिवळा झाला,
मुखपृष्ठावर तिच्या नावापेक्षा कवटी मोठी झाली,
आणि शेवटच्या, अकराव्या पुस्तकात
एक खोली, एक बाई, एक कपाट.
कपाट शेवटपर्यंत उघडत नाही.
चांदवडकर म्हणाले, हे नाही चालायचं.

मी तिला पत्र टाकलं. खोल्या का कमी होत गेल्या,
आणि बाई, तुम्ही स्वतः कधी पाहिलंय का?
सात महिन्यांनी उत्तर आलं.
ती एका लॉन्ड्रीच्या वर राहत होती, भाड्यानं.
लिहिलं होतं : मोजणारे तुम्ही पहिलेच.
पाहिलं म्हणाल तर काही नाही.
पण सोडलेल्या प्रत्येक घरात
अंधारात माझा हात अजून बरोबर बटणावर जातो.
तिथल्या लोकांना तो दिसत असेल का, कुणास ठाऊक.
ता. क. तुम्हाला पैसे मिळतात का? मला नाहीत.

प्रमिलानं पत्र दोनदा वाचायला लावलं.
म्हणाली, लोकांना एक बांधताना नाकी नऊ येतात,
हिनं अकरा बांधली, आणि बघा.

निवृत्तीला क्वार्टर सोडलं.
ऑफिसचा माणूस यादी घेऊन फिरला :
पंखे दोन, नळ तीन, फुटकी काच एक.
खिळे चौदा. हे तुमचे, काढून न्या.

आता सिन्नर फाट्याला दीड खोली, हप्ते फिटलेली.
परवा बिटको चौकात मेथी घेताना
आमच्या जागी आलेल्या साबळ्यांची बायको भेटली.
इकडेतिकडे बघून म्हणाली,
काका, तुमच्या वेळी कधी... रात्री साडेबाराला
स्वयंपाकघरात खुर्ची ओढल्यासारखं?
मी म्हणालो, नळाचा वॉशर बदला.
आमच्याकडे खुर्चीच नाहीये तिथे, ती म्हणाली.

खरंय. खुर्ची मी इकडे आणलीय.
रोज तिच्यातच बसतो,
त्या कपाटाच्या पानावर अडलोय.
चांदवडकर गेले, छापणारं कुणी नाही, तरी.
आणि दिवा लावायला हात अजून डावीकडे जातो,
जिथे या घरात नुसती भिंत आहे.